उत्तराची ओळ

चंदीगड
१२ जानेवारी २०२५

प्रिय लीना,

सलाम. तुझं नाताळचं कार्ड मिळालं. कार्डावर चार शब्द खरडून सुटायचं नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही, मोबाईलवरची अक्षरं दिसत नाहीत, तेव्हा पत्र हाच मार्ग उरला आहे आणि तो नीट वापरायचा. कॉलेजात माझ्या वह्या उतरवून बी.ए. झालीस, त्यामुळे लिहायचा सराव आहे तुला.

तुझ्या दादाबद्दल विचारलंस. ऑगस्टमधल्या झटक्यानंतर विश्वनाथांचं चालणं पुष्कळ सुधारलं. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. ज्या इन्स्टिट्यूटमध्ये आयुष्यभर शिकवलं, तिथेच आता स्पीच थेरपीच्या मुली त्यांना चित्रं दाखवतात. ‘सर, ये क्या है?’ कप आहे हे त्यांना कळतं, कप उचलून दाखवतात, पण शब्द येत नाही. मग ते त्या मुलीची माफी मागितल्यासारखं हसतात. मला ते हसणं बघवत नाही.

पण एक गोष्ट घडली. नाताळच्या आठवड्यात मनीमाजऱ्याला उर्मिलाच्या घरी आमची मराठी उपासना होती. उर्मिला म्हणजे जालन्याची ती नर्स, इथल्या पंजाबी नरेशशी लग्न केलेली. आम्ही महिन्यातून एकदा जमतो, दहाबारा माणसं. पिंजौरचे अशोक उजागरे पेटीवर होते. इंद्रायणीने, तिचा नवरा फौजेत आहे, तुझ्या आप्पांनी रचलेलं स्तोत्र धरलं. ती एक कडवं म्हणते आणि बाकीच्यांनी उत्तराची ओळ म्हणायची, आप्पा नगरला तुम्हा भावंडांना शिकवत तसंच. दुसऱ्या कडव्याला माझ्या मागून आवाज आला, ‘आम्ही इथे आहो, प्रभो.’ मी वळून पाहिलं. विश्वनाथ. पूर्ण ओळ, चारही शब्द.

थेरपीवाली मुलगी म्हणाली, असं होतं. बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची उघडी राहू शकते. रोज गाऊन घ्या म्हणाली. घरी प्रयत्न केला. मी एकटी म्हटलं की ते नुसते बघतात. चार आवाज एकत्र उठले की त्यामागून विश्वनाथांचा आवाज येतो. त्यांच्याकडे आता एवढं एकच वाक्य आहे आणि ते माणसं जमली तरच बाहेर येतं.

म्हणून ठरवलं आहे की आता दर रविवारी जमायचं. आणि गायचं ते पहिल्या ख्रिस्ती मंडळीसारखं. तू इतिहास विसरली असशील, सांगते. त्या लोकांजवळ पुस्तकं नव्हती, वाद्यं त्यांनी उपासनेत घेतली नाहीत. एकाने स्तोत्राची ओळ म्हणायची, बाकी सगळ्यांनी, गुलाम, बायका, अक्षरशत्रू, सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचं. एका रोमी सुभेदाराने आपल्या बादशहाला कळवलं होतं की ही माणसं उजाडायच्या आत जमतात आणि आळीपाळीने गातात, यापलीकडे काही गुन्हा सापडत नाही. ज्यांना काही येत नव्हतं त्यांच्यासाठीच ती रीत होती. विश्वनाथांसाठी याहून योग्य काय असणार?

धुकं फार आहे. तब्येतीला जप.

सुनेत्रा


अहिल्यानगर
२४ जानेवारी २०२५

प्रिय सुनेत्रा,

सलाम, मास्तरीणबाई. पत्र वाचून मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. शेजारची सरला धावत आली, तिला वाटलं कोणी गेलं. मी ओरडून सांगितलं, ‘दादा बोलला!’ आपण किती मोठ्याने ओरडतो ते मला आता कळत नाही, त्यामुळे सगळ्या गल्लीला कळलं.

आप्पांची ओळच यावी ना! लहानपणी दादा ती कधी वेळेवर म्हणायचा नाही. सगळे थांबले की मग याचं ‘प्रभो’. आप्पा झांजा खाली ठेवून म्हणायचे, ‘विसू, देव तुझ्यासाठी थांबलाय रे, सावकाश ये.’

सुनेत्रा, वाद्यांचं जरा बघून. आपल्या आप्पांची उपासना झांजांशिवाय झाली नाही, आणि त्यांना कोणी पाखंडी म्हटलं नाही. पेटीमुळे दादाला आधार मिळत असेल.

एक विचारू? मला आता माणसांचे ओठ वाचता येतात, सवयीने. दादा ती ओळ म्हणतो तेव्हा त्याचे ओठ कसे हलतात ते लिहिशील? वेडेपणा वाटेल तुला. पण मला तेवढंच ऐकता येईल.

तुझी लीना


चंदीगड
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय लीना,

आधी तुझं काम. ‘आम्ही’ला ओठ घट्ट मिटतात, जरा जास्तच वेळ. ‘इथे’ला तोंड डावीकडे ओढलं जातं, उजवी बाजू झटक्याने सैल पडली आहे. ‘आहो’ला ते हनुवटी वर करतात. आणि ‘प्रभो’ शेवटी येतं, सगळ्यांचं संपल्यावर, ओठ गोल करून, फुंकर मारल्यासारखं. मग इकडेतिकडे बघतात, आपण म्हटलं ते कोणी ऐकलं का म्हणून.

तीन रविवार झाले. दर रविवारी म्हणतात. काल न्हाणीघरात पाणी ओततानाही गुणगुणले, एकटे. मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी होते. आत जायला हवं होतं, गार पाण्यात बसले होते, पण गेले नाही.

पेटी मी बंद केली. अशोकरावांना स्पष्ट सांगितलं की आपण ज्या रीतीने गाणार आहोत तीत पेटी नाही. बिचारे पिंजौरहून बसने मांडीवर पेटी घेऊन येतात. ‘मग मी काय करू, ताई?’ म्हणाले. म्हटलं, तोंड आहे ना, गा. म्हणाले, ‘हवाई दलात होतो तेव्हापासून माझं तोंड पेटीतच आहे.’ हा काय युक्तिवाद झाला? पेटी भिंतीशी ठेवून बसले, आणि आज आलेच नाहीत. रागावण्यासारखं यात काय आहे, मला समजत नाही.

नरेशचं वेगळंच. त्याला मराठी येत नाही, पण उर्मिलाबरोबर बसतो आणि ‘आम्ही’चं ‘अम्मी’ करतो. मी चारदा सुधारलं. हसतो आणि म्हणतो, ‘दीदी, मेरा सुर कालका की गाड़ी है, लेट भी आएगा और आवाज़ भी करेगा.’ सगळे हसले. विश्वनाथही हसले. उपासनेत हे शोभत नाही.

आता बातमी. ईस्टरला सकाळी इथल्या मोठ्या चर्चमध्ये निरनिराळ्या भाषांच्या मंडळ्या एकेक गीत म्हणतात. मल्याळी, तमिळ, मिझो, सगळे असतात. मराठीला आजवर कोणी विचारलं नव्हतं. या वर्षी विचारलं आणि मी हो म्हटलं. पहिल्या मंडळीचं गाणं कसं होतं ते आम्ही दाखवू, असं पास्टरांना सांगून आले आहे.

सुनेत्रा


अहिल्यानगर
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय सुनेत्रा,

ओठांबद्दल लिहिलंस ते मी आरशासमोर उभी राहून करून पाहिलं. डावीकडे तोंड ओढून ‘इथे’ म्हटलं. दादासारखी दिसले थोडी. आमचं नाक एकच आहे.

अशोकरावांना परत बोलाव. तू बोलावणार नाहीस हे मला माहीत आहे, तरी लिहिते. ‘शोभत नाही’ हे तुझं कॉलेजपासूनचं आहे. स्नेहसंमेलनात मला पडद्यामागे उभं केलं होतंस, कारण मी मध्येच हसत होते. मला राग आला नव्हता, पडद्यामागेही मी हसतच होते. सगळ्यांना ते जमतं असं नाही.

दाखवायचं कशाला, हेही मला कळलं नाही. ती पहिली माणसं कोणाला दाखवत होती? बंद दाराआड गात होती ना? पण मी इतिहास विसरलेली बाई.

दादाला न्हाणीघरात गार पाण्यात जास्त वेळ बसवू नकोस. आणि तो गुणगुणतो ते कोणाला तरी रेकॉर्ड करायला सांग. मला नाही उपयोग, पण असू दे.

तुझी लीना


चंदीगड
१८ मार्च २०२५

प्रिय लीना,

उशीर झाला. तालमी चालू आहेत, दर बुधवारी जादा बसतो. रेकॉर्डिंग राहिलं, ईस्टरनंतर निवांत करू.

गाणं उभं राहत नव्हतं. इंद्रायणी उत्तम गाते, पण उत्तराची ओळ आली की सगळा बाजार. नरेशचं ‘अम्मी’, त्याच्या आईचं तिसऱ्याच सुरात काहीतरी, आणि सगळे थांबल्यावर विश्वनाथांचं ‘प्रभो’. एकदा तर कडवं सुरू झालं तरी त्यांची ओळ चालूच. इंद्रायणीला हसू आलं, ती थांबली. मोठ्या चर्चमध्ये असं झालं तर लोक काय म्हणतील? मराठी माणसांना एक ओळ धड म्हणता येत नाही.

मग मी पुस्तकं पुन्हा काढली. चौथ्या शतकात एका धर्मसभेने नियम केला होता की नेमलेले गायक, जे चौथऱ्यावर चढून पुस्तकातून गातात, त्यांच्याखेरीज कोणी मंडळीत गाऊ नये. म्हणजे त्यांनाही हाच त्रास झाला असणार. तेव्हा मी पाच जण निवडले. बाकीच्यांनी ईस्टर होईपर्यंत तोंड मिटून बसायचं आणि मनात म्हणायचं. नरेश फक्त म्हणाला, ‘जी दीदी, पक्का.’ त्याची आई पुढच्या वेळी आली नाही.

विश्वनाथांना कसं समजावायचं हा प्रश्न होता. ओळ आली की मी त्यांच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवायचे. पहिल्या दिवशी कळलं नाही, गायले. मी पुन्हा बोट ठेवलं, जरा डोळे मोठे केले. दुसऱ्या तालमीला थांबले. परवा रविवारी तर ओळ यायच्या आधीच त्यांनी स्वतः बोट ओठांवर नेलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. थेरपीच्या मुलीला सांगितलं की नवीन गोष्ट शिकताहेत, तिलाही आनंद झाला. मेंदू अजून शिकतो आहे, लीना. ही आशेची गोष्ट आहे.

एवढे आठवडे गप्प बसल्याने काही बिघडत नाही. ईस्टर झाला की पुन्हा सगळे गातील.

सुनेत्रा


अहिल्यानगर
२७ मार्च २०२५

सुनेत्रावहिनी,

कॉलेजपासून तुला नावाने हाक मारते. वहिनी म्हणते ते रागाने, हे तुला ठाऊक आहे.

त्याला चार शब्द उरले होते. तू त्यावर बोट ठेवलंस.

मी तुला एक गोष्ट सांगितली नव्हती. गेल्या पावसाळ्यात आमच्या चर्चमधली कॉयरची मुलगी घरी आली. गोड पोरगी, केक घेऊन आली. माझ्या वहीत लिहिलं, ‘आजी, तुम्ही जरा हळू गाल का? तुमचा सूर वेगळा लागतो, लहान मुलं हसतात.’ तिचं चुकलं नाही. मला माझा सूर ऐकू येत नाही. तेव्हापासून मी गायला उभी राहते आणि तोंड मिटून घेते. पहिले काही रविवार मनात म्हणत होते. आता मनातही येत नाही. कोणी कडवं सुरू केलंय हे ओठांवरून कळतं, पुढची ओळ मला पाठ आहे, चाळीस वर्षं मुलींना शिकवलीय मी, आणि ती येत नाही. मनात म्हणा, असं सांगणाऱ्याला हे माहीत नसतं.

तुझ्या त्या धर्मसभेबद्दल. तिच्याआधी तीनशे वर्षं ती माणसं बेसूरच गात होती ना? तेव्हा त्यांच्यामागे शिपाई होते. नियम झाला तोवर राजा त्यांच्या बाजूला आला होता, मग त्यांना सूर सुचला. तुझ्यामागे कोण राजा आला, गं?

पत्र पोचेल त्या दिवशी दादाला गायला सांग. ईस्टरची वाट बघू नकोस. पेटी बोलाव, नरेशला बोलाव, त्याच्या आईच्या पाया पड. मी विनवते.

लीना


चंदीगड
२३ एप्रिल २०२५

प्रिय लीना,

तुझं पत्र मिळालं. उत्तर लगेच दिलं नाही. कॉयरच्या मुलीबद्दल तू मला आधीच सांगायला हवं होतंस.

ईस्टरचं गाणं झालं. इंद्रायणीचा आवाज त्या उंच छताखाली फार छान लागला. पाच जण, एक सूर, कुठे कुणाचा श्वासदेखील चुकला नाही. नंतर पास्टर म्हणाले, आज पहिल्या शतकात बसल्यासारखं वाटलं. मल्याळी मंडळीतल्या बायका येऊन भेटल्या. एकीने विचारलं, ‘आपके बाकी लोग नहीं आए?’ मी म्हटलं, आले आहेत, मागे बसले आहेत. नरेश, त्याची आई, विश्वनाथ, एका बाकावर. तिघांचीही तोंडं मिटलेली. अशोकराव आले नव्हते.

त्याच संध्याकाळी घरी मी, उर्मिला आणि इंद्रायणीने स्तोत्र धरलं. विश्वनाथांसाठीच. त्यांनी उत्तर दिलं नाही. दगदग झाली होती, चर्चमध्ये फार वेळ बसले होते. थकवा असेल.

न्हाणीघरातही आता काही ऐकू येत नाही. पण उन्हाळा सुरू झाला आहे, बादलीत गार पाणी नसतं, म्हणून असेल.

इंद्रायणीच्या नवऱ्याची बदली झाली. पुढच्या महिन्यात जातील.

सुनेत्रा


अहिल्यानगर
३ मे २०२५

सुनेत्रा,

गार पाणी नसतं म्हणून असेल, हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझ्यासारख्या बाईने असं वाक्य लिहिलं म्हणजे तुला सगळं कळलंय.

मी रागावलेली नाही. दादा कसा आहे ते खरं लिही. ओठ हलतात का?

मला तिकडे यायचं आहे. भाचा ऑक्टोबरमध्ये दिल्लीला जाणार आहे, त्याच्यासोबत निघेन. चालेल का?

लीना


चंदीगड
१५ जून २०२५

प्रिय लीना,

मे महिन्यात इथे हवाई हल्ल्याचे सायरन वाजत होते, दिवे बंद करून बसावं लागायचं. इंद्रायणी त्याआधीच गेली. टपालाची घडी बसायलाही वेळ लागला असेल, पण माझ्या उशिराचं कारण ते नाही.

तू सांगितलंस ते केलं. पिंजौरला गेले. अशोकराव दारात आले तेव्हा मला वाटलं, बोलावं लागेल पुष्कळ. त्यांनी बोलूच दिलं नाही, पेटी उचलली आणि म्हणाले, ‘चला, बस सुटेल.’ मनीमाजऱ्याला नरेशच्या आईकडे गेले. तिने चहा केला. पाया पडू दिलं नाही. ‘बेटा, तूने चुप कहा था, सो चुप हो गए. अब बोल, तो बोलेंगे.’ एवढंच. मी अपमान केला असं तिला वाटलंच नव्हतं. मी शिकलेली बाई, मी सांगते ते देवाला तसंच हवं असणार, असं तिला वाटलं होतं. लीना, ते मला सर्वांत जड गेलं.

गेल्या रविवारी सगळे आमच्या घरी आले. पेटी होती. कुणाला काही सुधारायचं नाही असं मी ठरवलं होतं. इंद्रायणी नाही, म्हणून कडवं मी धरलं, माझा आवाज तुला माहीत आहे. ओळ आली आणि सगळे सुटले. नरेशचं ‘अम्मी’, त्याच्या आईचा तिसरा सूर, उर्मिला रडत होती आणि गात होती, अशोकराव पेटीवर वाकून पहिल्यांदाच तोंडाने गात होते. इतकं बेसूर आणि इतकं मोठं गाणं या घरात कधी झालं नाही. खालच्या मजल्यावरचे लोक बाहेर आले. मी विश्वनाथांकडे बघत होते. मला खात्री होती.

त्यांनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. चेहऱ्यावर काळजी होती, जशी परीक्षेत मुलं बोलायला लागली की पूर्वी यायची. मग त्यांनी डावा हात उचलला आणि बोट ओठांवर ठेवलं. नरेशकडे बघून, त्याच्या आईकडे बघून, प्रत्येकाकडे बघून. डोळेही जरा मोठे केले, मी करायचे तसे. कोणी थांबेना तेव्हा अस्वस्थ झाले. एकेक जण थांबला. अशोकरावांनी भात्यावरचा हात काढला. खोली शांत झाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बरोबर केलं ना, असं विचारणारी नजर. त्यांना एवढं छान जमलं होतं.

मी मान हलवली, लीना. हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? ते खूश झाले.

पुढच्या बैठकीत थेरपीची मुलगी म्हणाली, जे शिकले आहेत ते पक्कं बसलं आहे, आता त्यावर दुसरं काही बसणं कठीण. आज रविवार होता. कोणाला बोलावलं नाही. मी भांडी विसळताना सवयीने ओळ तोंडात आली, तर ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, बोट ओठांवर ठेवून. मी गप्प झाले. मग ते परत जाऊन खुर्चीत बसले.

तू विचारलं होतंस, ओठ कसे हलतात. आता दिसत नाहीत, बोटामागे असतात.

ऑक्टोबरमध्ये ये. थंडी सुरू झालेली असेल, गरम कपडे आण. तुला ऐकू येत नाही, त्याने या घरात आता काही अडणार नाही.

सुनेत्रा